लाइव्ह साउंडच्या कामात शिरताना: अठरा महिन्यांची नोंद

अठरा महिने लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिला अर्ज भरला आणि जुलै २०२५ मध्ये पहिल्या कामाचे पैसे जमा झाले. त्यातले चार महिने नुसते वाट बघण्यात गेले: अर्जाच्या उत्तराची, बॅच भरण्याची, प्रमाणपत्रावरच्या सहीची. लाइव्ह साउंड, म्हणजे मंचावरच्या कार्यक्रमाचा आवाज सांभाळायचं काम, शिकायच्या वाटा कोणत्या, हे कुठेही वाचायला मिळतं. कोणती वाट आधी धरायची ते मात्र कुणी लिहीत नाही. इथे तो क्रम थोडा चुकला. कुठे चुकला, ते ओघात येईलच.

वाटा पाच, पण दार एकच

पदवी, तीन-चार महिन्यांचा छोटा कोर्स, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची प्रशिक्षणं, भाड्याने साउंड देणाऱ्याचं गोडाऊन आणि एखाद्या छोट्या सभागृहात बिनपगारी मदत. सगळ्या वाटा शेवटी त्या भाड्याने साउंड देणाऱ्याच्या दाराशीच येतात, कारण कार्यक्रमाला माणसं तोच पाठवतो.

पदवीला तीन ते चार वर्षं जातात. तिथे एक गोष्ट तपासायलाच हवी. ‘साउंड इंजिनिअरिंग’ नावाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत मोठा वाटा स्टुडिओ रेकॉर्डिंगचा असतो. अमेरिकेतल्या फुल सेल विद्यापीठासारख्या काही ठिकाणी कार्यक्रम उभा करण्याची, म्हणजे शो प्रॉडक्शनची, वेगळी पदवी आहे. अनेक ठिकाणी लाइव्ह साउंड हा एखाद्या सत्राचा विषय असतो, तेवढाच. विषयांची नावं वाचून हे कळत नाही. प्रात्यक्षिकाचे तास कुठे होतात, स्टुडिओत की रंगमंचावर, हे थेट विचारावं.

छोटा कोर्स निवडताना एकच प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी ठरला: एका डेस्कमागे, म्हणजे मिक्सरमागे, किती विद्यार्थी? बारा जणांत एक डेस्क असेल तर तीन तासांच्या सत्रात प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटं येतात. चौघांत एक असेल तर ४५. माहितीपुस्तिकेत डेस्कचं मॉडेल ठळक छापलेलं असतं, हा आकडा कुठेच नसतो. दुसरा प्रश्न, खरे कार्यक्रम किती, आणि त्यात विद्यार्थी काय करतात. ‘सहा लाइव्ह शो’ याचा अर्थ सहा वेळा मागे उभं राहून बघणं असाही निघू शकतो. तिसरा, विजेची आणि उंचीवरच्या कामाची सुरक्षितता शिकवतात का. हे शिकवत नसतील तर वेगळं करावं लागतं, आणि त्याची फी वेगळी.

अर्ज आणि कानाची तपासणी

१२ फेब्रुवारीला छोट्या कोर्सचा अर्ज गेला. सोबत शिक्षणाची प्रमाणपत्रं, ओळखपत्र, ५०० शब्दांचं मनोगत आणि असल्यास कामाचा पुरावा. मनोगतात ‘संगीताची लहानपणापासून आवड’ लिहिण्यात अर्थ नाही, ते प्रत्येक अर्जात असतं. एखादं छोटं काम नेमकं लिहावं: किती माइक, कोणता मिक्सर, काय बिघडलं, कसं शोधलं. मुलाखतीत सगळे प्रश्न त्याच परिच्छेदावर आले.

अर्जासोबत मागितलेली नव्हती, तरी श्रवणचाचणी करून घेतली. ही शिफारस कळकळीची आहे. साध्या ऑडिओग्राममध्ये २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे टप्पे तपासतात. मोठ्या आवाजाने कान खराब व्हायला लागला की पहिला खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. बोलणं ऐकायला तोवर काही अडचण येत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. कामाला लागण्याआधीचा कागद हाती असला तरच पुढे तुलना करता येते. चाचणीआधी किमान १४ तास मोठ्या आवाजात जाऊ नये. आदल्या रात्री कार्यक्रम केला असेल तर तात्पुरता बधिरपणा आलेखात उतरतो आणि आकडे उगाच वाईट येतात.

त्याच वेळी कानाच्या मापाचे इअरप्लग करायला टाकले. साचा घेतल्यापासून दोन आठवडे लागले. फोमचे प्लग वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त कापतात, त्यामुळे ते घालून मिक्स करता येत नाही. १५ डेसिबलचा सपाट फिल्टर, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच कापणारा, पुरेसा आहे. किती आवाजात दिवसाला किती वेळ राहावं, याचं अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं गणित असं: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. १५ डेसिबलचा प्लग नीट बसला तर १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास.

उत्तर २५ मार्चला आलं, सहा आठवड्यांनी. प्रवेश मिळाला, पण बॅच भरली नाही म्हणून मेऐवजी जूनमध्ये सुरू होणार होती. फीचा ४० टक्के हिस्सा लगेच भरायचा आणि तो परत मिळणार नाही, असं पत्रात चौथ्या पानावर होतं. बॅच पुढे गेली तर तो परत मिळतो का, हे लेखी विचारून उत्तर ईमेलवर घेतलं. सगळी फी मिळून एका मध्यम डिजिटल मिक्सरच्या किमतीएवढी झाली. तिच्या साधारण एक-पंचमांश आणखी खर्च फीबाहेर झाला: परीक्षा शुल्क, इअरप्लग, हत्यारं, हेडफोन, विमा.

वाट बघतानाचे दोन महिने

एप्रिल-मे एका छोट्या सभागृहात बिनपगारी गेले, आठवड्याला दोन संध्याकाळी. भाषणं, एखादं बालनाट्य, कधी चार वाद्यांचा कार्यक्रम. छोटं सभागृह चांगलं असतं, कारण तिथे सगळं एकाच माणसाला करावं लागतं आणि चूक लगेच कानावर येते.

घरी दोन सराव केले. पहिला डेस्कच्या ऑफलाइन सॉफ्टवेअरचा. बेहरिंगर एक्स३२, यामाहा सीएल आणि क्यूएल, एलन अँड हीथ डीलाइव्ह, डिजिको या सगळ्यांची संगणकावर चालणारी सॉफ्टवेअरं कंपन्या मोफत देतात. आवाज येत नाही, पण पॅच (कोणता माइक कोणत्या चॅनलला), नावं, रंग, बस (अनेक चॅनल एकत्र नेणारी वाट), डीसीए (चॅनलच्या गटाची पातळी एकत्र हलवणारा फेडर), सीन (जतन केलेली मांडणी) हे सगळं बसवता येतं. एक काल्पनिक २४ चॅनलची इनपुट लिस्ट घेऊन ती कोऱ्या फाइलवर उभी करायची आणि घड्याळ लावायचं. पहिल्या वेळी ७० मिनिटं लागली, मेअखेर १८.

दुसरा सराव कानाचा. पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला सळसळता आवाज) लावायचा, ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० हर्ट्झ यांपैकी एक पट्टा १२ डेसिबलने उचलायचा, न बघता ओळखायचा. दहापैकी नऊ बरोबर आले की ६ डेसिबलवर यायचं, मग एक-तृतीयांश ऑक्टेव्हच्या, म्हणजे आणखी अरुंद, ३१ पट्ट्यांवर. रोज १५ मिनिटं पुरतात, त्याहून जास्त बसलं तर कान थकतो आणि अंदाज बिघडतात. माइकने शिट्टी मारली (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की ती लागते) की ती कुठल्या फ्रिक्वेन्सीची आहे हे दोन सेकंदांत कळणं, हा या सरावाचा उपयोग.

चौदा आठवडे वर्गात

१० जून ते १३ सप्टेंबर. पहिले दोन आठवडे फक्त सिग्नल कुठून कुठे जातो यावर. कंटाळा आला, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

गेनबद्दल, म्हणजे माइकचा सिग्नल डेस्कमध्ये शिरताना किती वाढवायचा याबद्दल, जे शिकवलं ते अर्ध्या तासात सांगून होतं, अंगवळणी पडायला महिने लागतात. डिजिटल डेस्कवर सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (यात शून्य म्हणजे डेस्कची कमाल मर्यादा) आसपास ठेवायची, म्हणजे अचानक ओरडणाऱ्या गायकाला वर जागा राहते. साउंडचेकला गायक नेहमी कार्यक्रमापेक्षा हळू गातो. ४ ते ६ डेसिबल त्याच्यासाठी राखून ठेवावेत. गेन नंतर बदलला तर त्यामागचं सगळं हलतं: कॉम्प्रेसरचा उंबरठा (ज्या पातळीपासून तो आवाज दाबू लागतो), मॉनिटरकडे (कलाकाराला त्याचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरकडे) जाणारी पातळी, रेकॉर्डिंग. एकाच डेस्कवरून प्रेक्षकांचा आणि मंचावरचा आवाज दोन्ही चालत असतील, किंवा दोन डेस्क एकच स्टेजबॉक्स (मंचावरच्या केबल जिथे लागतात ती पेटी) वाटून घेत असतील, तर प्रेक्षकांसाठी गेन ३ डेसिबलने वाढवला की गायकाच्या मॉनिटरमध्येही ३ डेसिबल वाढतात आणि तिथे शिट्टी सुरू होते. दोष मात्र मॉनिटरवाल्यावर येतो.

मॉनिटरवर चार आठवडे होते, तेही कमीच वाटले. माझ्या मते नवख्या माणसाची खरी परीक्षा इथे होते. काही गोष्टी ज्या न सांगता कळत नाहीत:

कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकची बहिरी बाजू नेमकी मागे, १८० अंशांवर असते. शुअर एसएम५८ असेल तर वेज (मंचावर तिरका ठेवलेला मॉनिटर स्पीकर) गायकाच्या समोर, माइकच्या शेपटाच्या रेषेत ठेवावा. सुपरकार्डिऑइडची (समोरचं आणखी अरुंद ऐकणाऱ्या माइकची) बहिरी बाजू साधारण १२५ अंशांवर असते आणि मागून तो थोडं ऐकतो. शुअरचाच सुपरकार्डिऑइड बीटा ५८ दिल्यावर वेज समोर तसाच ठेवला तर महागडा माइक स्वस्त माइकपेक्षा लवकर शिट्टी मारतो. तिथे दोन वेज, डावी-उजवीकडे तिरपे. गायकाने जाळी मुठीत धरली की कुठलाही माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. त्यावर इक्वलायझरमध्ये उपाय नाही, जाऊन सांगावं लागतं.

उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची जागा, म्हणजे शिट्टी लागेपर्यंत आवाज वाढवायची मोकळीक, ३ डेसिबलने कमी होते. कोरसचे सहा माइक गाणं नसताना उघडे ठेवले तर मुख्य गायकाची जागा ते खातात.

मॉनिटरचे सेंड (चॅनलमधून मॉनिटरकडे जाणारा सिग्नल) फेडरच्या (चॅनलची पातळी वर-खाली करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) आधी घ्यायचे. बऱ्याच डेस्कवर कोऱ्या फाइलमध्ये ते फेडरनंतर असू शकतात. मग निवेदन सुरू झालं म्हणून गिटारचा फेडर खाली ओढला की गिटारवाल्याच्या वेजमधूनही गिटार गायब, आणि तो तुमच्याकडे बघायला लागतो. कॉम्प्रेसरही शक्यतो मॉनिटरच्या वाटेत नसावा: तो मोठा आवाज दाबतो, भरपाईला मेकअप गेन दिला की शांत क्षणी पातळी वर जाते, आणि शिट्टी नेमकी शांत क्षणीच लागते.

वेज ‘रिंग आउट’ करताना पातळी हळू वाढवायची, पहिली शिट्टी लागली की तो पट्टा ३ ते ६ डेसिबल कापायचा, मग पुढची. चार-पाच काप झाले की थांबावं. त्यानंतरचे काप आवाजाचा गाभाच खातात, गायक ‘वाढवा’ म्हणतो, आपण वाढवतो, आणि पुन्हा पहिल्या जागी येतो. आठव्या कापाला हात जात असेल तर वेजची जागा किंवा माइक चुकलेला असतो.

सिस्टीम ट्यूनिंगला, म्हणजे स्पीकर जागेप्रमाणे जुळवण्याला, दोनच आठवडे होते. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद. मंचापासून ४० मीटरवर, मागच्या प्रेक्षकांसाठी, डिले स्पीकर लावला तर त्याला सुमारे ११७ मिलिसेकंद मागे ठेवावं लागतं, आणि वर १० ते १५ मिलिसेकंद घातले की कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. ३५ अंशांना तोच वेग ३५२ होतो आणि ११७ चे ११४ राहतात. दुपारी मोजून लावलेला डिले रात्री थंडीत थोडा सरकलेला असतो, तो पुन्हा बघावा. स्मार्ट (Smaart) या सॉफ्टवेअरसारखं दोन चॅनलचं मोजमाप वर्गात दाखवलं. घरी सरावाला रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. कोहेरन्सची (मोजमाप किती विश्वासाचं ते दाखवणारी) रेघ खाली असेल त्या जागी इक्यूला, म्हणजे इक्वलायझरला, हात लावू नये, कारण तिथे यंत्र जे दाखवतं त्यात खोलीचा आणि गोंगाटाचा वाटा जास्त असतो.

परीक्षा २० सप्टेंबरला. ३२ चॅनलचं लाइनचेक (प्रत्येक चॅनलचा सिग्नल येतो का ते तपासणं) २० मिनिटांत, त्यात तीन दोष मुद्दाम पेरलेले. हात थरथरत होते हे खरं. पद्धत हातात असली की थरथर चालते: साखळी मधोमध तोडायची. गायकाचा आवाज येत नाही, तर आधी डेस्कच्या इनपुट मीटरवर काही हलतंय का ते बघायचं. हलत असेल तर मंचाकडची निम्मी साखळी ठीक आहे. म्यूट ग्रुप, डीसीए, बसची नेमणूक तपासायची. हलत नसेल तर डेस्क सोडून स्टेजबॉक्सपाशी जायचं, आणि चालू असलेल्या शेजारच्या चॅनलची केबल त्या भोकात लावून बघायची. माइकपासून सुरू करून एकेक वस्तू बदलत गेलेल्यांना वेळ पुरला नाही.

प्रमाणपत्र ८ नोव्हेंबरला मिळालं, सात आठवड्यांनी. सही करणारी व्यक्ती दौऱ्यावर होती. तोवर ‘उत्तीर्ण’ असं लिहिलेला ईमेल मागून घेतला, पुढच्या अर्जांना तोच जोडला, आणि एकानेही मूळ कागद मागितला नाही.

गोडाऊन, म्हणजे खरं तर पहिली पायरी

ऑक्टोबर ते मार्च. इथेच क्रम चुकल्याचं कळलं. वर्गात ज्या गोष्टी फळ्यावर होत्या त्या इथे खोक्यांत होत्या. सहा महिने आधी हे हाताळलं असतं तर चौदा आठवड्यांचा वर्ग दुप्पट उपयोगी पडला असता. ज्याला कोर्स करायचाच आहे त्याने आधी तीन महिने तरी गोडाऊनमध्ये काढावेत. कोर्स परवडत नसेल तर गोडाऊन आणि कंपन्यांची मोफत प्रशिक्षणं एवढ्यावरही काम मिळतं, फक्त वेळ जास्त लागतो.

काम मिळवायला बायोडेटापेक्षा दोन ओळींचा फोन चालला: कार्यक्रमांच्या हंगामाआधी दीड-दोन महिने, सामान भरायला आणि उतरवायला माणूस हवाय का एवढंच विचारायचं. ऐन हंगामात शिकवायला कुणाला वेळ नसतो.

पहिले चार आठवडे केबल. गुंडाळायची ती एक वेढा सरळ, एक उलटा. मग फेकली की पीळ न पडता सरळ उलगडते. कोपराभोवती गुंडाळलेली केबल आतून पिळते आणि काही महिन्यांत तुटते. गोडाऊनमध्ये कोपराभोवती गुंडाळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत, एवढं ते गंभीर आहे. लांबीप्रमाणे रंगीत टेप, दोन्ही टोकांना.

मग तपासणी. एक्सएलआरमध्ये, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये, पिन १ अर्थिंग, २ धन, ३ ऋण. नुसता ‘केबल खराब’ शेरा मारण्याऐवजी कोणती तार गेली हे लक्षणांवरून ओळखता येतं. पिन १ तुटली तर डायनॅमिक (वीज न लागणारा) माइक चालतो पण घरघर येते, आणि ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर बंद पडतो. २ किंवा ३ तुटली तर माइकचा आवाज पातळ, जेमतेम येतो. लाइन आउटपुट असेल तर साधारण ६ डेसिबलने खाली. २ आणि ३ उलट जोडल्या असतील तर केबल एकटी चांगली वाटते, पण एकाच ड्रमवर वर-खाली लावलेले दोन माइक एकत्र आले की खालचा भारदस्तपणा नाहीसा होतो. हा दोष सगळ्यात उशिरा सापडतो, म्हणून दुरुस्तीनंतर पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) तपासल्याशिवाय केबल पेटीत टाकू नये.

सोल्डरिंग तिथेच शिकायला मिळालं. शिशाच्या सोल्डरला सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास, आधी पिन आणि तार दोन्हींना कथील लावून घ्यायचं, मग जोड एका दमात. आणि कनेक्टरचं मागचं आवरण तारेत आधी ओवायचं. हे विसरल्याशिवाय कुणाचीही पहिली दहा कनेक्टर होत नाहीत.

स्पीकरच्या बाजूला दोन सवयी लागल्या. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४, चार जोडले की २. अॅम्प्लिफायर किती ओहमपर्यंत चालतो हे मागच्या पट्टीवर वाचल्याशिवाय तिसरा जोडायचा नाही. आणि सुरू करताना आधी डेस्क, मग प्रोसेसर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना उलट, अॅम्प्लिफायर पहिला. नाहीतर डेस्क बंद होतानाचा धक्का थेट स्पीकरवर बसतो.

विजेबद्दल एकच वाक्य शंभरदा ऐकलं आणि तेवढ्यांदा ऐकणं योग्यच आहे: घरघर घालवायला प्लगची अर्थिंग कधीही तोडायची नाही. घरघर आली तर डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल डेस्कला जुळवून देणाऱ्या पेटीवरचा) ग्राउंड लिफ्ट दाबायचा, ऑडिओला एकाच ठिकाणाहून वीज घ्यायची, प्रकाशाच्या डिमरपासून सिग्नलच्या केबल दूर ठेवायच्या. अर्थिंग नसलेला गिटार अॅम्प आणि अर्थिंग असलेला माइक यांच्यामध्ये गायकाचे ओठ येतात.

संध्याकाळची प्रमाणपत्रं

जानेवारी-फेब्रुवारीत गोडाऊनमधून आल्यावर ऑडिनेट कंपनीचं दांते (आवाज संगणकाच्या नेटवर्कवरून नेण्याची पद्धत) प्रशिक्षण केलं. ऑनलाइन, मोफत, पातळ्यांनुसार. पहिली पातळी ओळखीपुरती आहे. दुसऱ्यापासून कामाला येतं. मोठ्या कार्यक्रमात नेटवर्क बिघडलं की कारणं ठरलेली असतात: स्विचमध्ये वीजबचतीचं इथरनेट चालू राहिलेलं, एक उपकरण ४८ किलोहर्ट्झवर आणि दुसरं ९६ वर, किंवा प्रायमरी आणि सेकंडरी (राखीव) नेटवर्क चुकून एकमेकांना जोडलेली. हे तिन्ही प्रकार गोडाऊनमध्ये मांडून, मुद्दाम बिघडवून पाहिले. नंतर मंचावर लाल खूण दिसली तेव्हा घाबरायला झालं नाही.

वायरलेस माइकचं गणित शुअरच्या वायरलेस वर्कबेंच या सॉफ्टवेअरवर शिकता येतं, तेही मोफत. मूळ गोष्ट छोटी आहे. ५००.० आणि ५००.४ मेगाहर्ट्झवर दोन माइक लावले तर ४९९.६ आणि ५००.८ वर त्यांची भुतं, म्हणजे दोघांच्या मिसळण्यातून आलेले नको असलेले सिग्नल, उभी राहतात. म्हणून समान अंतरावर फ्रिक्वेन्सी मांडणं ही नवख्याची हमखास चूक: तिसरा माइक नेमका पहिल्या दोघांच्या भुतावर बसतो. वापरलेला सेट विकत घेणार असाल तर त्याचा पट्टा आपल्या देशात आज चालतो का ते आधी बघा. अमेरिकेत २०१७ च्या लिलावानंतर ६०० मेगाहर्ट्झचा बराचसा पट्टा मोबाइल सेवेकडे गेला. असे सेट स्वस्तात विकायला निघतात आणि दुसऱ्या देशांतही पोचतात.

लाइन अॅरेच्या (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांच्या) कंपन्यांची प्रशिक्षणं, एल-अकूस्टिक्स, डीअँडबी, मेयर साउंड, उत्तम असतात. पण ज्या सिस्टीमवर आपल्याला काम मिळणार नाही तिचं प्रशिक्षण आधी करण्यात हशील नाही. ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्या गोडाऊनमध्ये जी सिस्टीम आहे, तीच आधी. जागा कमी असतात, प्रतीक्षायादीत नाव लवकर टाकावं.

वही, सही, बिल

मार्चपासून कार्यक्रमांना सोबत जाणं सुरू झालं. आधी सामान उतरवणं, मग पॅचिंग, मग मॉनिटर डेस्कशेजारी उभं राहणं. जूनअखेरपर्यंत बावीस कार्यक्रम. प्रत्येकाची एक ओळ वहीत: तारीख, जागेची क्षमता, आपलं काम, डेस्क, चॅनल किती, काय बिघडलं, आणि प्रमुखाची सही त्याच रात्री. दुसऱ्या आठवड्यात सही मागायला गेलं तर ती मिळायला महिना लागतो. दोन सह्यांसाठी पाच आठवडे गेले. उंचीवरच्या कामाचं आणि विजेच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र जूनमध्ये केलं, एकेका दिवसाचं आहे, दोन्हींची मुदत संपते, ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवली. स्पीकर टांगायचं काम त्याने येत नाही. ते रिगरचं. मोटरच्या बटणाला हात लावायला सांगितलं तर नाही म्हणावं.

पिशवीत आता काय असतं: मल्टिमीटर, केबल टेस्टर, डोक्यावरचा टॉर्च, काळा आणि पांढरा टेप, मार्कर, बहुहत्यार, एक्सएलआरचे नर-मादी बदलणारे जोड, पोलॅरिटी उलटवणारा एक जोड, दोन डीआय, बंद हेडफोन, शो फाइलची पेनड्राइव्ह दोन प्रतींत, आणि कापडी टेपची गुंडाळी जी कार्यक्रमाअखेर कधीच परत येत नाही.

पहिलं पैशाचं काम मे महिन्यात, मॉनिटरचं, १६ चॅनल. कामाआधी ईमेलवर चार गोष्टी लिहून घेतल्या: दिवसाचा दर किती तासांचा, त्यापुढच्या तासांचं काय, प्रवास कोणाचा, बिल किती दिवसांत. दर ठरवताना घासाघीस जमली नाही. पुढच्या वेळी आधी त्यांचा आकडा विचारायचा. सार्वजनिक दायित्वाचा विमा काढला तो आयोजकाने मागितला म्हणून, कागद दोन दिवसांत ईमेलवर आला. जागेचा नियम १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलचा होता, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेला तोच आकडा. मॉनिटरवाल्याला वाटतं हे प्रेक्षकांच्या डेस्कचं काम. छोट्या जागेत चार वेज मिळून निम्मा आवाज मंचावरूनच येतो, तेव्हा मीटर दोघांनीही बघायचा असतो.

३१ मेला बिल पाठवलं. पहिल्यांदा परत आलं, बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नव्हता. तो काम ठरतानाच मागायचा असतो. दुरुस्त करून त्याच दिवशी पुन्हा पाठवलं. पैसे १७ जुलैला आले, ४७ दिवसांनी. त्याच आठवड्यात दुसरी श्रवणचाचणी झाली. ४००० हर्ट्झला दोन्ही कान पहिल्या कागदापासून ५ डेसिबलच्या आत आहेत. पुढची जुलै २०२६ मध्ये.